हळदीला पुरेल एवढा डीजे

आमच्या बेळगाव-निपाणी भागात डीजे हा माणूस नसतो, वाहन असतं. 'डीजे आला' असं कुणी म्हटलं की समजायचं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरच्या खोक्यांची भिंत रचलीय, मागं जनरेटर धडधडतोय आणि गल्लीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरायला लागलीत. त्या भिंतीमागं गाणी लावणारा जो कोणी असतो, त्याचं नाव वरातीतल्या एकालाही ठाऊक नसतं. त्यामुळं दुकानात येऊन कुणी "अण्णा, डीजे शिकायचाय" म्हणालं की त्याचा पुढचा प्रश्न मला आधीच माहीत असतो. "किती वॅटचा घेऊ?"

खडेबाजाराला लागून एका बोळात माझं आवाजाच्या सामानाचं दुकान आहे. रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली, मग भोंगे आणि माइक भाड्यानं दिले, मग कॅसेटचे डेक, मग अँप्लिफायर, आणि आता हे डिजिटल प्रकरण. गल्ल्यावर हल्ली मुलगा बसतो. मला त्यानं आतल्या खोलीत एक टेबल देऊन बसवलंय. नवशिक्यांना सामान दाखवायचं, त्यांना त्यावर हात फिरवू द्यायचा आणि जमलं तर नको ते घेण्यापासून वाचवायचं, एवढं माझं काम. यातल्या शेवटच्या कामापायी बापलेकांची अधूनमधून जुंपते.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डीजेचं खरं काम म्हणजे एक गाणं संपता संपता दुसरं त्यात असं मिसळायचं की नाचणाऱ्याचा पाय थांबू नये. पूर्वी यासाठी दोन तबकड्या आणि मधे मिक्सर लागायचा. आता ते सगळं एका पाटात आलंय. त्याला म्हणायचं कंट्रोलर. जेवायच्या पाटाएवढाच असतो. दोन बाजूंना दोन गोल चकत्या, मधे सरकवायच्या खुंट्या. त्याच्या पोटात गाणी नसतात. गाणी असतात लॅपटॉपमधे आणि दोघांना जोडते एक वायर. डावीकडच्या चकतीवर चालू गाणं, उजवीकडच्या चकतीवर पुढचं. पुढच्या गाण्याची चाल, म्हणजे वेग, कमीजास्त करून चालू गाण्याशी जुळवायची, आणि जुळली की मधली खुंटी हळूच इकडून तिकडं न्यायची. हे जुळवणं चालतं हेडफोनमधे. हॉलमधल्या माणसांना आत्ताचं गाणं ऐकू येत असतं, आणि आपण एका कानानं अजून न वाजलेलं गाणं ऐकत असतो. मला या धंद्यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

तर नवशिक्याला लागतं काय? दोन चकत्यांचा लहान कंट्रोलर, घरात असेल तो बरा लॅपटॉप आणि वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. बिनवायरचे चालत नाहीत. त्यांत आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि कानातला ढोल हॉलमधल्या ढोलाच्या मागं पडला की शिकणारा स्वतःलाच बिनकामाचा समजायला लागतो. गाणी स्वतःच्या लॅपटॉपवर भरून ठेवलेली हवीत. नेटवरून वाजवू म्हणणारे खूप भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, की मंगल कार्यालयाच्या तळघरात तुमच्या फोनला कधी रेंज आलीय का? आणि घरी सरावाला टीव्हीशेजारचे लहान स्पीकर पुरतात. खोकी भाड्यानं मिळतात. चिकोडीपासून खानापूरपर्यंत कुणाच्याही दारात बघा, खोकी पडलेली आहेत.

पण हे ऐकायला कुणी आलेलं नसतं. चिकोडीकडचे एक गृहस्थ माझं सगळं बोलणं मान डोलावत ऐकून गेले आणि बाहेर मुलाकडून चार बेसची खोकी घेऊन गेले. वर्षभरानं आले तेव्हा त्यांच्याकडं ट्रॉली होती, जनरेटर होता, समोर नाव लिहिलेला दिव्यांचा फलक होता, आणि गाणी अजून पेनड्राइव्हवरून एकामागून एक वाजत होती. मधल्या शांततेत ते स्वतः माइकवर शिट्टी मारायचे. आमचे एक वकीलसाहेब तर मुलासाठी दुकानातला सगळ्यात महागडा, आपोआप फिरणाऱ्या चकत्यांचा सेट घेऊन गेले. महिन्याभरानं फोन आला, की ते यंत्र चालू केलं की घरातली मांजर त्यावर बसून गोल फिरते, आणि मुलगा गिटार मागतोय.

म्हणून मी माझी एक पद्धत पाडली. हल्लीच्या कंट्रोलरवर एक बटण असतं, ते दाबलं की दोन गाण्यांची चाल यंत्र स्वतःच जुळवतं. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन्ही गाण्यांच्या रंगीत लाटा दिसतात, त्या एकाखाली एक आल्या की झालं. शिकणारा कान बंद ठेवतो आणि डोळ्यांनी गाणं वाजवतो. माझ्या टेबलावर बसणाऱ्याच्या लॅपटॉपवर मी टॉवेल टाकतो. आता जुळव म्हणतो. बहुतेकांचा चेहरा तिथंच पडतो. काहीजण रागावून जातात. जे टॉवेलाखाली आठ दिवस टिकतात, त्यांना मी सामान निवडून देतो.

वैशाली या टेबलावर आली ती मागच्या वर्षी. वडगावची मुलगी. घरात पॉवरलूमचे माग, साड्या विणायचं काम. ती स्वतः बी.कॉम. होऊन खडेबाजारातल्याच एका साड्यांच्या दुकानात हिशेबाचं काम करायची. माझ्या दारावरून रोज जायची, पण मी कधी बघितल्याचं आठवत नाही. एक दिवस आत आली आणि म्हणाली, "अण्णा, मला डीजे शिकायचाय." मी वॅटची वाट बघत थांबलो. तर ती म्हणाली, "स्कूटीच्या पायापाशी मावंल एवढा पायजे."

एवढ्या वर्षांत असं माप घेऊन कुणी आलं नव्हतं. मी कारण विचारलं. ती म्हणाली, तिला फक्त बायकांच्या हळदीला वाजवायचंय. हळदी होतात घरात, माडीवर, गच्चीवर, नाहीतर कार्यालयाच्या मागच्या हॉलमधे. तिथं ट्रॉली जात नाही, आणि टेम्पो घेऊन फिरायला घरातले पाठवणार नाहीत. मग तिनं मैत्रिणीच्या हळदीतली गोष्ट सांगितली. डीजेवाला आणि त्याचे दोन मित्र खोक्यापाशी उभे, तिघांच्या हातात मोबाइल, तिघांचे मोबाइल बायकांकडं रोखलेले. बायका भिंतीला पाठ लावून बसून राहिल्या. नवरीची आत्या तेवढी उठली आणि दोन पावलं टाकून पुन्हा बसली.

"त्यास्नीबी नाचायचं असतंय, अण्णा," वैशाली म्हणाली. "बघणारं कुणी नको असतंय, एवढंच."

मला कौतुक वाटलं ते या वाक्याचं नाही, त्याच्यानंतरच्या प्रश्नाचं. तिनं कंट्रोलरवर वाकून खुंट्यांच्या फटींत बघितलं आणि विचारलं, यात हळद गेली तर? हळदीच्या दिवशी सगळ्यांचे हात बरबटलेले. कुणीतरी येणार, आक्का हे गाणं लाव म्हणत बोट ठेवणार. मी या फटींत धूळ बघितली होती, चहा बघितला होता, एकदा तर गुलालानं भरलेला अख्खा मिक्सर धुऊन काढला होता, पण हळदीचा विचार केला नव्हता. ओली हळद खुंटीच्या फटीत वाळली की आवाज खरखरणार, हे ती न शिकता ओळखून होती. पुढं तिनं पारदर्शक प्लॅस्टिकचं एक आवरण शिवून घेतलं, त्याला कडेनं साडीच्या काठाची पट्टी लावली, आणि आता हुबळीकडचा एकजण माझ्याकडं तसलंच आवरण मागतोय.

टॉवेल टाकल्यावर तिचं काय होतं ते बघायला मुलगाही गल्ला सोडून आत आला. पहिल्या दिवशी तिला खुंट्या कळेनात. दुसऱ्या दिवशी कळल्या, पण गाणी एकमेकांच्या पायांत पाय घालून पडत होती. मग एकदा ती डोळे मिटून बसली आणि हसली. म्हणाली, हे आमच्या घरासारखंच हाय. त्यांच्या घरात दोन माग शेजारी चालतात. दोन्हींची खटखट कधी एकत्र पडते, मग एक हळूहळू मागं सरकतो, पुन्हा गोल फिरून एकत्र येतो. लहानपणापासून ती त्या आवाजात झोपलेली. कोणता माग पुढं चाललाय ते तिला बघावं लागत नव्हतं. बस्स, त्यानंतर टॉवेलाचं भय गेलं. अजून हात अडखळायचा, पण कान चुकायचा नाही. इतक्या वर्षांत असा कान असलेले फार थोडे माझ्या टेबलावर बसले असतील.

आणि मग एक दिवस तिचे वडील आले. बाळाप्पा. उंच, किंचित वाकलेले, अंगावर सुताचे कण, आणि आवाज असा की बोळाच्या तोंडाला ऐकू जावा. आयुष्य मागापाशी गेलं की माणसाला ऐकायला कमी येतं आणि तो मोठ्यानं बोलतो, वडगाव-शहापुरात हे घरोघरी दिसतं. वैशाली मागं खाली मान घालून उभी होती. बाळाप्पांनी मला नमस्कार केला आणि सरळ मुद्द्यावर आले. पोरीनं स्वतःच्या पगारातून हे घ्यायचं ठरवलंय, माझ्यानं तिला नाही म्हणवत नाही, तर तुम्ही जाणकार आहात, तुम्हीच तिला नाही म्हणा.

मी म्हटलं, मी कसा नाही म्हणू, तिला येतंय. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्यांच्या घरात ट्रॉली आणून लावलीय. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मनातलं बोलले. एका लग्नात त्यांनी बघितलं होतं, वरात रंगात आलेली आणि डीजे बंद पडला. पिऊन आलेले लोक त्या गाणीवाल्याच्या अंगावर धावून गेले, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, त्याची गचांडी धरली. तो बाप्या होता, निभावून गेला. उद्या तिथं आपली पोर असली तर?

असली दृश्यं मी त्यांच्यापेक्षा जास्त बघितलीत. मी सामानाबद्दल बोललो. वायर नवीन देईन, लॅपटॉप तपासून देईन, बंद पडणार नाही असं बघेन. त्यांनी कंट्रोलर हातात घेऊन तोलला, चकती फिरवून बघितली. मग हेडफोन उचलला आणि एकच प्रश्न विचारला.

"ह्यानं कानाला काय होत न्हाय न्हवं?"

वॅट विचारणारे हजार भेटले असतील. कानाचं विचारणारा हा पहिला. मी त्यांना सांगितलं, कान झाकणारा असला की बाहेरचा गोंगाट आत येत नाही, म्हणून आवाज कमी ठेवता येतो, आणि कमीच ठेवायचा असतो. त्यांनी वैशालीकडं वळून तेच तिला मोठ्यानं पुन्हा सांगितलं. मग त्यांनी अट घातली. निपाणीला त्यांच्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. घरचीच हळद. तिथं वाजव. घरच्या माणसांत चुकली तर झाकून जाईल. पण तिथं गाणं एकदा जरी बंद पडलं, तर हे यंत्र अण्णांच्या दुकानात परत, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

"कबूल," वैशाली म्हणाली. मला कुणी विचारलं नाही, पण मीही मान हलवली. विकलेलं सामान परत न घेण्याबद्दल आमच्या दुकानात भिंतीवर पाटी आहे. मुलानं पाटीकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं.

त्यानंतर तिनं जी मेहनत घेतली ती मी जवळून बघितली. निपाणीची नवरी, नवरा चिकोडीकडचा. नवरीकडच्या बायका मराठी, नवऱ्याकडच्या कानडी. आमच्या सीमेवर लग्नं अशीच होतात, आणि नवखा डीजे इथंच गोत्यात येतो. आपल्या आवडीची गाणी घेऊन जातो आणि अर्धा हॉल बसून राहतो. वैशालीनं दोन्ही भाषांतली गाणी चालीनं लावून ठेवली, भाषेनं नाही. कुठल्या मराठी गाण्यातून कुठल्या कानडी गाण्यात पाय न थांबता जाता येईल, याच्या जोड्या पाठ केल्या. साड्यांचं दुकान सुटलं की माझ्या टेबलावर, घरी गेली की बंद मागांच्या मधे. तिच्या आईला म्हणे काही जोड्या तिच्याइतक्याच पाठ झाल्या होत्या.

हळद दुपारची होती, कार्यालयाच्या मागच्या हॉलमधे. माझा पाय दुकानात ठरेना म्हणून मीही निपाणीला गेलो. कारण सांगितलं की वायरिंग बघायला. भाड्याची दोन मध्यम खोकी आली होती, ती मी लावून दिली. चार्जर जोडल्यावर खोक्यांतून बारीक घूं असा आवाज यायला लागला. जुन्या कार्यालयांत अर्थिंग नसलं की हे होतं. मी टेस्टर काढेपर्यंत वैशालीनं चार्जरची पिन उपटून पलीकडच्या खांबावरच्या बोर्डात लावली होती आणि आवाज गेला होता. मग बायका यायला लागल्या आणि मला बाहेर घालवण्यात आलं.

मागच्या हॉलच्या भिंतीला लागून व्हरांडा होता. तिथं बाकावर मी आणि बाळाप्पा बसलो. दार बंद. आत काय चाललंय ते दिसायचा प्रश्न नव्हता. मला ऐकू येत होतं. बाळाप्पांना भिंतीतून नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी तळवा भिंतीला लावला. बेसचा ठोका तेवढा त्यांच्या हाताला लागत होता. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. मधली जोडणी मला कळत होती, कारण मी तीच शोधत होतो. त्यांना कळत नव्हती, कारण ठोका कुठं तुटतच नव्हता. आतून बायकांचं हसणं, बांगड्या, पावलं. एका गाण्याला तर इतका दणदणाट झाला की छपरावरची कबुतरं उडाली. "चाललंय न्हवं?" ते मधूनमधून विचारायचे. मी म्हणायचो, झकास चाललंय. मला उगाच माझीच मुलगी आत असल्यासारखं वाटत होतं.

मग नवऱ्याकडून उष्टी हळद आली. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीकडं आणायची, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. आणणाऱ्या बायकांसोबत पाच-सहा तरुण पोरंही होती, नवऱ्याचे चुलतभाऊ आणि मित्र. हळदीचं ताट आत गेलं, त्यामागून तीही आत गेली. नवऱ्याकडची माणसं, त्यांना दारात कोण अडवणार? ताट ठेवून लगेच बाहेर येतील असं आम्हांला वाटलं. आली नाहीत. आतलं हसणं कमी झालं. पावलांचा आवाज थांबला. गाणं मात्र चालू होतं.

आणि एकाएकी गाणंही थांबलं.

बाळाप्पांचा हात भिंतीवर तसाच राहिला. मग ते उभे राहिले. माग थांबला की धागा तुटला असं समजून विणकर जागचा उठतो, तसेच ते उठले, आणि पुढं जायचं कुठं ते न कळून उभे राहिले. लॅपटॉप अडकला असेल का, पिन निसटली असेल का, मी दिलेली वायर तर दगा देत नसेल? आत जायची सोय नव्हती. शांतता इतकी लांबली की भटारखान्यातली भांडी ऐकू यायला लागली.

"पडलं बंद," बाळाप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव असता तर मला राग आला असता. नव्हता. माणसाचं काहीतरी मोडल्यावर येतो तसा आवाज होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि ती पोरं बाहेर आली. मोबाइल खिशात, चेहरे उतरलेले. एकजण दुसऱ्याला सांगत होता, ती डीजेवाली आक्का गाणंच लावंना. आम्ही निघूस्तोवर हाताची घडी घालून उभी. त्यांच्यामागं नवऱ्याची बहीण दारापर्यंत आली, कानडीत त्यांना चांगलं झापलं, आणि दार आतून लावून घेतलं. कडीचा आवाज झाला आणि त्याच ठोक्याला आत गाणं सुरू झालं. त्यापाठोपाठ बायकांचा जो गलका उठला, तो बाळाप्पांनासुद्धा तळवा न लावता ऐकू गेला असावा.

पण प्रकरण तिथं मिटलं नाही. नवरीचे वडील, म्हणजे बाळाप्पांचे थोरले भाऊ, धावत व्हरांड्यात आले. नवऱ्याकडच्या पोरांना बाहेर घालवलं हे मांडवात पोचलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मुलीच्या बापाची त्या दिवशी काय अवस्था असते ते सांगायला नको. ते म्हणाले, "बाळाप्पा, पोरीला बाहेर बोलव. त्यास्नी काय म्हणायचं ते म्हणू दे. व्याही रुसलं तर काय करू मी?"

मी बाळाप्पांकडं बघितलं. थोरल्या भावाचा शब्द त्यांनी जन्मात मोडला नसेल, ते तसल्यांपैकी दिसत होते. आणि इथं तर त्यांचं स्वतःचं काम आयतं होत होतं. अट मोडली होती. गाणं थांबलं होतं, सगळ्यांच्या देखत. दार ठोठावायचं, पोरीला बाहेर काढायचं, यंत्र माझ्या हातात द्यायचं, की संपलं. ते दाराकडं बघत राहिले.

"दादा," ते थोरल्या भावाला म्हणाले, आणि मी पहिल्यांदाच त्यांना हळू बोलताना ऐकलं. "कापडात दोष दिसला की माग आपणच थांबवतो. थांबवला न्हाय तर पुढचं सगळं कापड वाया. माझी पोर आत बरोबर काम करालीया. मी तिला बोलवणार न्हाय."

भाऊ काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात नवऱ्याची मावशी हॉलमधून आमच्याकडं येताना दिसली. आम्ही तिघेही सावरून उभे राहिलो, आता काय ऐकावं लागतंय म्हणून. ती बाई घामानं डबडबलेली, कपाळापासून कोपरापर्यंत हळद. पाणी प्यायला बाहेर आली होती. ती मराठीत म्हणाली, आमची पोरं लई वाह्यात झाल्यात, बरं केलं. आणि पाणी पिऊन परत आत गेली. नवरीच्या वडिलांनी बाकावर बसून तोंडावरून हात फिरवला.

हळद उरकायला संध्याकाळ झाली. लग्न दुसऱ्या दिवशी, त्यामुळं आम्ही बेळगावची माणसं रात्रीपुरती घरी परतणार होतो. बायका बाहेर पडल्या त्या दमलेल्या आणि मोकळ्या. त्यांतल्या खानापूरच्या एका बाईंनी बाळाप्पांना गाठून विचारलं, की पुढच्या महिन्यात आमच्याकडं हळद आहे, तुमच्या मुलीला पाठवाल का? बाळाप्पा म्हणाले, तारीख तिच्याकडं असते, तिला विचारा. तिच्याकडं त्या दिवसापर्यंत एकही तारीख नव्हती.

सगळ्यांत शेवटी वैशाली आली. कंट्रोलर पिशवीत भरून, वायरी गुंडाळून, हेडफोन वर ठेवून. व्हरांड्यात आम्ही काय बोललो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती सरळ माझ्यासमोर आली आणि पिशवी पुढं केली. डोळे भरलेले, पण मान ताठ.

"घ्या अण्णा. ठरलंतं तसं. मीच बंद केलतं. ती पोरं आत आल्यावर सगळ्या बसल्या, मग मला ऱ्हाववलं न्हाय."

म्हणजे हात खुंटीवर ठेवताना तिला अट आठवत होती. हे सगळं आपल्या हातून जाणार हे धरूनच तिनं तो आवाज खाली आणला होता. इतकी वर्षं मी लोकांना आवाज मोठा करायचं सामान विकतोय. त्या दिवशी त्या पोरीपुढं मला दोन्ही हात जोडावेसे वाटले. पिशवी घ्यायला मी हातही पुढं केला नाही.

बाळाप्पांनी मधे हात घालून ती पिशवी घेतली. पट्टा डोक्यावरून घेऊन स्वतःच्या खांद्यावर तिरका अडकवला, वजन नीट बसलं का ते बघितलं, आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. चार पावलं गेल्यावर मागं वळून त्यांच्या नेहमीच्या, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"चल गं, बस चुकंल."